टेकडीचं पाणी

हेमांगी सोनवलकरने चाळिशीत एंटरप्राइझ आर्किटेक्चरच्या, म्हणजे संस्थेची कामं आणि यंत्रणा आराखड्यात मांडायला शिकवणाऱ्या वर्गात नाव घातलं, ते एकाच कारणासाठी. शहराच्या पाणीपुरवठ्याचा पूर्ण आराखडा फक्त अशा आर्किटेक्टनाच दिसायचा, आणि त्या आराखड्यात कुठेतरी तिचे वडील होते. ते वारण्याआधी पाणीखात्याने त्यांचा पाणीवाटपाचा तीस वर्षांचा अनुभव, आवाजासकट, यंत्रात उतरवून घेतला होता. घरच्यांना मात्र त्या यंत्राशी बोलायची परवानगी नव्हती.

"आराखड्यात वर कामांच्या चौकटी, त्याखाली माहिती, मग प्रोग्राम आणि तळाला यंत्रं," दाभाडे सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. "प्रत्येक चौकटीला विचारायचं, बाई, तू कुणासाठी आहेस?"

तिसऱ्या महिन्यात तिला ती चौकट सापडली: 'वाटप सल्ला, सोनवलकर'.

"फार जुनी आहे ती," सर म्हणाले. "कुणी वापरत नसेल तर काढून टाका."

ती चौकट कोण वापरतं ते दाखवणारा एकेक बाण हेमांगीने तपासला. सगळे तुटलेले होते, एक सोडून. टेकडीवरच्या वस्तीला पाणी सोडणारा व्हॉल्व्हमन अजून रोज तिथूनच सल्ला घेत होता. तिने 'आवश्यक' असा शेरा लिहिला, तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

आता चौकट नीट चालते का याची सरांसमोर चाचणी घ्यायची होती, पण प्रश्न कामाचेच चालत. ओठांवर आलेलं 'बाबा' गिळून तिने विचारलं, "टेकडीला पाणी कधी सोडू?"

स्पीकरमधून तोच खर्जातला आवाज आला. "सहाला सोड. आणि बाळा, व्हॉल्व्ह सावकाश फिरव."

सर हसले. "सगळ्यांनाच बाळा म्हणतो तो."

"माहीत आहे मला," हेमांगी म्हणाली, आणि तिने तोच प्रश्न पुन्हा विचारला.