बारावर थांबलेला काटा

दुपारी अडीच वाजता खुशालने धनंजयच्या मागच्या खोलीतल्या नळाखाली ग्लास धरला. बिअर आली, पण चहाच्या पाण्यासारखी. फेस नाही, बुडबुडा नाही.

बिअरला फेस देणाऱ्या कार्बन डायऑक्साइडच्या सिलेंडरवरचा काटा बारावर होता. म्हणजे दाब बरोबर.

खुशाल सेलूच्या बाजारात सोडा मशीन दुरुस्त करायचा. दाब पुरा असताना सोडा बिनबुडबुड्यांचा निघालेला त्याने वीस वर्षांत पाहिला नव्हता.

"कवापासून होऊन राह्यलं हे?"

"सोमवारपासून. हळू बोल ना. संध्याकाळी नागपूरचे दोस्त येऊन राह्यले. त्यायले शरबत पाजू काय?"

जिल्ह्यात दारूबंदी. म्हणून धनंजयने बिअरचं स्टीलचं पिंप नागपूरहून भाजीच्या क्रेटखाली झाकून आणलं होतं. गॅसचा सिलेंडर त्याने काळा रंगवला होता आणि मान पांढरी केली होती, वडिलांच्या ऑक्सिजन सिलेंडरसारखी. नळी जोडायचं तोंडही मिस्त्रीकडून तसंच बसवून घेतलं होतं. घरात पेशंट आहे म्हटल्यावर दुसऱ्या सिलेंडरचं कोण विचारतो?

पलीकडच्या खोलीत वडिलांचं, अण्णाजींचं, ऑक्सिजनचं यंत्र घरघरत होतं; धनंजयची बायको छाया त्यांच्यापाशी होती. ते विजेवर चालायचं. सिलेंडर फक्त लाइट गेल्यावर. दर मिनिटा-दोन मिनिटांनी त्यांचा खोकला ऐकू यायचा.

"धन्या, कोण आलं रे?"

"फ्रीजवाला, बाबा!"

"चार दिवसांत तिसरा फ्रीजवाला? फ्रीज हाय का म्हातारी म्हैस?"

खुशालने साबणाचं पाणी सगळ्या जोडांवर लावलं. कुठेच बुडबुडा नाही. त्याने वॉशर बदलला, पाइप बदलला. पुन्हा ग्लास भरला, घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. चव ओल्या पुठ्ठ्यासारखी.

"सोमवारी काय झालतं?"

"काई नाई. शेजारच्या भांडणापायी पोलीस जमादार आलते. छायानं घाबरून हा सिलेंडर बाबाच्या खोलीत दुसऱ्या सिलेंडरपाशी नेऊन ठेवला. ते गेल्यावर मीच आणून जोडला. पाच मिनिटाचं काम."

"हलवल्यानं गॅस बिघडत नाई," खुशाल डोकं खाजवत म्हणाला.

तीन वाजून सहा मिनिटांनी पंखा थांबला. यंत्राची घरघरही थांबली.

"लाइट गेली हो!" आतून छाया ओरडली. "मामाजीले सिलेंडर लावला, तुमचं चालू द्या."

"बरं!"

"पोरी, नाक झोंबून राह्यलं माह्यं," अण्णाजींचा आवाज आला.

"रोजचंच हाय तुमचं, मामाजी. हात काढा नळीवरून. काढा म्हनते ना!"

धनंजय हसला. "बाबाले हवा बी कडू लागते."

अण्णाजी खोकले.

"उदबत्ती हाय का घरात?" खुशालने विचारलं.

"काऊन? फ्रीजची पूजा करतं काय?"

"धूर हलला का गळती सापडते. अन् गॅस लागला का उदबत्ती विझते. आग विझवायच्या नळकांड्यात हाच गॅस राह्यते ना."

धनंजयने देवघरातून उदबत्ती पेटवून आणली. खुशालने ती एकेका जोडापाशी नेली. धूर सरळ वर जात राहिला. शेवटी त्याने पाइप पिंपातून काढला, चावी किंचित सैल केली आणि सुटलेला गॅस उदबत्तीच्या लाल टोकावर धरला.

उदबत्ती विझली नाही. टोक पांढरं झालं आणि भपकन ज्योत उठली.

"अरे, हे काऊन पेटली?" धनंजय म्हणाला.

खुशालने चावी बंद केली. त्याने सिलेंडरच्या पांढऱ्या मानेकडे पाहिलं, मग पलीकडच्या खोलीच्या दाराकडे.

तीन वाजून बारा मिनिटं झाली होती. आतून शेवटचा खोकला ऐकू येऊन पाच.