बिननावाची गोगलगाय

"टोकाला सोंडेसारखी नळी आहे का?" मुंबईच्या प्राध्यापकांनी फोनवर विचारलं.

"आहे," वामन म्हणाला.

"मग तिला हात लावू नका. कवचालासुद्धा नाही. डंख मारते. कधी कधी तो कळतही नाही, पण तासाभरात श्वास बंद पडतो. त्यावर औषध नाही."

आज शनिवार. सकाळची शाळा कधीच सुटली होती. त्याची लेक वर्षा एव्हाना घरी पोहोचली असणार.

फोन तसाच ठेवून तो बूथमधून निघाला तो पळतच. जव्हारच्या एसटी स्टँडवरची माणसं वळून बघू लागली. कॉलेजात जीवशास्त्र शिकवणारे सर असे भर रस्त्यात चप्पल हातात घेऊन धावताना कुणी पाहिले नव्हते.

समुद्र इतका लांब असताना घरात समुद्र आणून ठेवणारा माणूस अख्ख्या जव्हारात एकच, आणि तो म्हणजे वामन. ओसरीवर तीन फुटी काचेची टाकी, तिच्यात खारं पाणी आणि मुंबईहून मागवलेले समुद्रातले दगड. त्या दगडांच्या बिळांतून न बोलावलेल्या गोगलगायी निघाल्या. वामनने पुस्तक समोर धरून एकेकीचं नाव शोधून काढलं. एक मात्र काही केल्या सापडेना. शंकूसारखी, तपकिरी जाळीच्या नक्षीची, मोठी देखणी. आज सकाळी त्याने ती पळीने उचलून बरणीत ठेवली. वर्षाने लगेच हात पुढे केला. "हिचं नाव अजून माहीत नाही. नाव कळलं की तुझ्या हातात देईन," त्यानेच तिला सांगितलं होतं. आणि बरणी झाकण न लावताच ओसरीवर ठेवून तो निघाला होता.

घरात बायको नीता होती, पण ती चुलीपाशी. आणि आई होती. पण आईचा त्याला भरवसा नव्हता.

कुठल्याही नव्या वस्तूला सगळ्यांच्या आधी हात लावायची त्याच्या आईला, सुकीला, खोड होती. नवं लोणचं असो की पाहुण्यांनी आणलेली मिठाई, पहिला घास तिचा. नीता ते हसण्यावारी न्यायची. वामनला हसू येत नसे. लहानपणी गावी, दाभोशाला, उन्हाळ्यात घरातली नागली संपायची. मग आई रानातून कडू कंद खणून आणायची, उकडायची, रात्रभर ओढ्याच्या वाहत्या पाण्यात ठेवायची. आणि सकाळी तीन उपाशी पोरं समोर बसवून आधी स्वतः खायची. पोरांचे हात पुढे आले की बाजूला सारायची. "खांबाची सावली उंबऱ्याला लागली का मंग तुमी," एवढंच म्हणायची. पोटातली ती आग वामन अजून विसरला नव्हता. त्याने तिला कधी काही विचारलं नाही. माफही केलं नाही.

चढ संपला. घर दिसलं. ओसरीवर बरणी होती, आणि ती रिकामी होती.

"वर्षा!" तो ओरडला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही.

वर्षा अंगणाच्या पार टोकाला गाल फुगवून बसली होती. "बाबा, आजी मला हातच लावू देत नाही. आधी तिनेच घेतली."

सुकी ओसरीच्या खांबाला टेकून बसली होती. उघड्या तळहातावर ती गोगलगाय.

"आये, हलू नको!" वामनने पळी उचलली. पहिल्या खेपेला ती पळीत आली नाही, दुसऱ्या खेपेला गोगलगाय बरणीत पडली. त्याने झाकण घट्ट लावलं. मग आईचा हात उलटासुलटा करून पाहिला, बोटांच्या बेचक्यांत पाहिलं. खूण दिसेना. पण त्या भेगाळलेल्या तळव्यावर सुईएवढी खूण दिसणार तरी कशी? त्याने नीताला हाक मारली, शेजाऱ्यांची जीप आणायला सांगितलं. ती तशीच ओल्या हातांनी धावली.

आता मात्र त्याचा तोल गेला. "पोरीच्या आधी तुला कसली घाई झाली होती? म्हातारपणी तरी सोड ना ही खोड!"



"घाई कसली? सकाळी तूच बोललास ना, नाव ठावं नाय म्हणून. मंग पोरीच्या हातात कशी देऊ? मला काय झालं नाय, तं सावली उंबऱ्याला लागल्यावर तिला देनार व्हते. ते इखाचे कंद तरी तुमाला असंच आधी खाऊन दिले ना मी?"

वामन तिच्या शेजारी बसला. तिचा हात त्याने सोडला नाही. खांबाची सावली उंबऱ्यापासून अजून चार बोटं लांब होती.