लॉर्डसाहेबांचा रुमाल

थोरल्या बाईसाहेबांना जुळं झालं, त्या वर्षीच्या जूनमधला नाच. धाकट्या बाईसाहेब लेफ्टनंट थॉर्नसाहेबांची वाट पाहत होत्या. पहाटे ते लढाईवर निघणार होते. तेवढ्यात म्हातारे लॉर्डसाहेब नाचासाठी विचारायला आले. आमच्या इंग्रजांच्या नाचात एकाला नकार दिला की त्या दिवशी दुसऱ्याबरोबर नाचता येत नाही. "पाय मुरगळलाय," बाईसाहेबांनी थाप मारली. "अरेरे! हॅना, माझा रुमाल घट्ट बांध," म्हणत ते शेजारीच बसले. मी दासी, मी बांधला. तोच थॉर्नसाहेब आले. "एकच नाच?" "उशीर केलास, पोरा! मला पाहूनच हिचा पाय मोडला," लॉर्डसाहेब हसले. "सोड गं गाठ, पाया पडते," बाईसाहेब कुजबुजल्या. त्यांच्या आईसाहेबांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. माझे हात हललेच नाहीत. थॉर्नसाहेब मान लववून निघून गेले. लेफ्टनंट थॉर्न अठरा जूनला वॉटर्लूच्या लढाईत मारले गेले.