सत्तर सालातली होडी

"पुन्हा लाल दिवा!" काळूराम होडीतून ओरडला आणि धक्क्यावर जमलेल्या अख्ख्या कोळीवाड्याने मृणालीकडे पाहिलं.

मृणाली त्याची लेक. होड्यांना हवामानाचा निरोप देणाऱ्या यंत्रांचं सॉफ्टवेअर तिने लिहिलेलं. निरोप घेण्याआधी यंत्र पाठवणाऱ्याचं डिजिटल प्रमाणपत्र तपासायचं. हे कोणी दिलं, त्याला कोणी दिलं, असं विचारत थेट मुळापर्यंत जायचं. गेल्या वर्षी कुणा टवाळाने मोबाईलवर वादळाची अफवा सोडली आणि अकरा होड्या हरिहरेश्वरजवळून रिकाम्या जाळ्यांनी परतल्या. तेव्हापासून गावाला असंच काहीतरी हवं होतं. आज मासेमारीची बंदी उठली होती, तासाभरात भरती ओसरणार होती, आणि अकराच्या अकरा यंत्रं मृणालीच्या सर्व्हरला ओळख द्यायला तयार नव्हती.

"ती तपासणीच बंद कर गं," सोसायटीचे अध्यक्ष भागोजी म्हणाले. "निरोप आला म्हंजे झालं."

"मग कुणाचाबी येईल, काका."

तिने लॅपटॉप जोडून यंत्रातली नोंद वाचली आणि तिला हसूच फुटलं.

"बाबा, याला वाटतंय आज एक जानेवारी एकोणीसशे सत्तर हाय. आपलं प्रमाणपत्र याच्या लेखी अजून जन्मलंच न्हाय."

"सत्तर? मग मी तरी कुठं जन्मलोय!"

यंत्राचं घड्याळ बंद पडलं की ते सत्तर सालापासून पुन्हा मोजू लागतं. पण घड्याळं मेली कशी, याचं उत्तर धक्क्यावरून आलं. "खारी हवा लागंल म्हून पावसाळ्यात सगळ्या बॅटऱ्या मीच काढल्या," मृणालीची आई सोनूबाई अभिमानाने म्हणाली. "ती बटणासारखी बारकीबी. तांदळाच्या डब्यात ठेवल्या आन काल परत बसवल्या. एकबी गंजली न्हाय!"

यंत्राचं घड्याळ चालतं ते त्या बारकीवरच. अकरा घरांच्या बॅटऱ्या. एवढी माया कुठल्याच कारखान्याने हिशेबात धरली नव्हती.

पण आईवर काय रागवायचं? चूक मृणालीचीच होती. यंत्र वेळ सर्व्हरकडून घेणार आणि वेळ कळल्याशिवाय सर्व्हरवर विश्वास ठेवणार नाही. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, तशी गत. वेळ दुसऱ्या कुणाला तरी विचारायला हवी होती. होडी कुठे आहे हे कळावं म्हणून यंत्रात जीपीएस होतं, आणि उपग्रह वेळही सांगतात. तिने भराभर पाच-सहा ओळी लिहिल्या, वडिलांच्या यंत्रात घातल्या आणि ते उघड्या आभाळाखाली आणून ठेवलं.

तारीख बदलली. दिवा हिरवा झाला. पडद्यावर अक्षरं उमटली: वारा बेताचा, निघण्यास हरकत नाही.

धक्क्यावर एकच गलका झाला. मृणालीला इतका आनंद झाला की तिला डोळे पुसावे लागले. उरलेली दहा यंत्रं तिने वीस मिनिटांत मार्गी लावली.

"खरा हाय ना रं निरोप?" भागोजींनी काळूरामला हळूच विचारलं.

"माझ्या पोरीनं मुळापातूर विचारून घेतलाय."

हंगामातलं पहिलं इंजिन काळूरामने सुरू करायचं, असा वाड्याचा शिरस्ता होता. सगळे त्याची वाट बघत थांबले. त्याने खिशातून चावी काढली आणि मृणालीच्या हातात ठेवली.

"मला कुठं चालवता येते, बाबा?"

"तू चालू तर कर. चालवायला मी हाय."