शाबूत मशीन

सत्याऐंशी साली शाळेला मिळालेला कॉम्प्युटर तीन वाजता उटनूरहून तपासणीला येणाऱ्या शिक्षण खात्याच्या साहेबांना दाखवायचा होता. यशवंतराव मास्तरांना महिनाभरात जमलं नव्हतं ते नववीतल्या मनकर्णानं सकाळपासून बसून, प्रोग्रामची एकेक ओळ टाइप करून केलं. पडद्यावर घड्याळ चालू लागलं.

“सर, लाइट गेली तं?”

“काई होत नाही. कंपनीनं सारं चिपमंदी कोरून देल्लं हाय. जा, जेवून ये.”

तिची पाठ वळताच मास्तरांनी बटण बंद केलं, दहापर्यंत मोजलं अन् पुन्हा चालू केलं. पडदा लगेच उजळला.

मनकर्णा परत आली तेव्हा पडद्यावर घड्याळ नव्हतं.

“सर, तुमीच तं म्हणले, काई होत नाही.”

“मशीनले काय झालं?” साहेबांची खुर्ची पुसत मास्तर म्हणाले. “कोरलेलं सारं जागच्या जागी हाय. तुयं त्यात कुटं कोरलं होतं?”