कमरेपर्यंतचे केस

गुडघे कुरकुरू लागले, तसं त्याने सलून बंद केलं. बायकोला बरं वाटलं. दिवसभर गिऱ्हाइकांशी तोंडाचा पट्टा चालवणारा नवरा घरी यायचा तो मुका होऊनच. आता तरी आपल्या वाट्याला चार शब्द येतील, असं तिला वाटलं. पण तो समोर बसून भिंतीकडे बघत राहायचा.

"अहो, बोला की काहीतरी."

"काय बोलू? हात रिकामे असले की तोंड उघडत नाही माझं."

ती उठली. खुर्ची ओढून त्याच्याकडे पाठ करून बसली आणि गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला. "शेंडे फाटलेत. बोटभर काढा."

कात्री चालू लागली आणि तोही बोलू लागला. लहानपणी विहिरीत पडला ते, बापाने घराबाहेर काढलं ते. एवढ्या संसारात कधी न ऐकलेलं सगळं ती पाठमोरी ऐकत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा खुर्ची मांडली. मग रोजच.

परवा शेजारीण हळहळली, "कमरेपर्यंत होते हो तुमचे केस. आता मानेवर आले."

"हो ना," ती म्हणाली, "आणि हे अजून आमच्या लग्नापर्यंतसुद्धा आले नाहीत."