पाण्याचं चित्र

आयुष्यभर लिलाव पुकारत आलेल्या अण्णांची वाचा अर्धांगवायूच्या झटक्यात गेली. लिहायलाही अक्षरं जुळेनात. तेव्हा बायकोने त्यांच्या मोबाईलच्या पडद्यावरचं सगळं, नातीच्या फोटोसकट, काढून चार मोठी चित्रं लावली: पाणी, उशी, दुखणं, संडास. "बोट ठेवा, मोबाईल बोलेल," ती म्हणाली. आज सकाळपासून त्यांचं करता करता तिला पाण्याचा घोटही मिळाला नव्हता. ओठ सुकले होते. अण्णांना बघवेना. त्यांनी पाण्यावर बोट ठेवलं. तिने पेला आणून त्यांच्या तोंडाला लावला. त्यांनी मान फिरवली, डाव्या हाताने पेला तिच्याकडे ढकलला. पाणी चादरीवर सांडलं. "नको होतं तर दाबलं कशाला?" ती दमून म्हणाली. अण्णांच्या घशातून नुसती घरघर आली. "असू द्या, चुकून लागलं असेल." चादर बदलून तिने पाण्याचं चित्र त्यांच्या बोटापासून दूर, वरच्या कोपऱ्यात सरकवलं.